फौजदारबाई आणि तेराचा फरक

रसायनशास्त्राच्या त्या संस्थेत बाईंना तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'फौजदार'. बाईंना हे ठाऊक होतं. एकदा नव्यानेच आलेल्या एका संशोधकाने गडबडीत फोनवर "फौजदारबाई आहेत का?" असं विचारलं, तेव्हा पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "बोलतेय." त्या दिवसापासून नाव पक्कं झालं. पद मात्र फौजदाराचं नव्हतं. पद होतं 'संगणक चालक, कंत्राटी', आणि एकोणीस वर्षं ते तसंच होतं. दर वर्षी एक पत्र यायचं, त्यावर विभागप्रमुखांची सही असायची, आणि बाई आणखी वर्षभर चालक राहायच्या.

त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. खिडकी नाही. लोखंडी मांडण्यांच्या दोन रांगा, त्यांत छातीएवढ्या उंचीपर्यंत रचलेले संगणक, आणि त्यांचे पंखे दिवसभर घोंघावत असायचे. यंत्रं तापू नयेत म्हणून खोली इतकी गार ठेवायची, की बाहेर लोक घामाने निथळत असताना बाई आत लोकरीचं जाकीट घालून बसलेल्या असत. पंख्यांच्या आवाजामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागे. घरचे म्हणत, पंखे नंतर आले, आवाज माहेरून आलाय.

फौजदारकीचं मूळ होतं त्यांच्या नोंदवहीत. इथे गणितं चालत ती अणू-रेणूंची. वरच्या मजल्यावरचे संशोधक रेणूची मांडणी लिहून पाठवत, बाई ती यंत्राला लावत, आणि तासाभराने नाहीतर आठवड्याने त्या रेणूची ऊर्जा आकड्यांत बाहेर पडे. या प्रत्येक गणिताची बाई हाताने नोंद करत. तारीख, गणित कुणाचं, कुणाच्या सांगण्यावरून लावलं, कोणतं सॉफ्टवेअर, कोणता बेसिस सेट, आणि शेवटच्या रकान्यात फंक्शनं किती. "मॅडम, हे सगळं संगणकात असतंच की," असं कुणी म्हटलं, तर त्या म्हणत, "संगणकाला विचारायला गेलं तर तो सांगतो. वही न विचारता डोळ्यांपुढे असते." नोंद नाही, तर गणित नाही. मग वरचे लोक चरफडत जिना उतरून यायचे आणि वहीत सही करून जायचे.

आता बेसिस सेट म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. अणूभोवती इलेक्ट्रॉन कुठे कुठे सापडू शकतो, त्याचा ढगासारखा एक आकार असतो. तो आकार जसाच्या तसा लिहून काढणं अजून कुणाच्या बापाला जमलेलं नाही. म्हणून काही ठरावीक सोपे आकार घ्यायचे, ते कमीजास्त प्रमाणात एकमेकांत मिसळायचे आणि खऱ्या आकाराच्या जमेल तितकं जवळ जायचं. त्या सोप्या आकारांना म्हणतात फंक्शन आणि त्यांच्या यादीला बेसिस सेट. यादी जेवढी लांब, तेवढं उत्तर चांगलं आणि तेवढाच यंत्राला घाम. प्रत्येक यादीला आकडे आणि अक्षरं मिळून एक नाव असतं. शास्त्रज्ञ लेखात ते नाव लिहितात, वाचणारा मान डोलावतो, आणि यादी उघडून मोजत कुणी बसत नाही.

त्या वर्षी संस्थेने जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना पुढे चालू ठेवला नाही, आणि मोठ्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, बाईंना नवं सॉफ्टवेअर बसवायला सांगितलं. बाईंनी ते पंधरा दिवस खपून बसवलं. सोबत आलेली चाचणीची बावन्न गणितं एकूण एक चालवून पाहिली. बावन्नच्या बावन्न जुळली, तेव्हा कुठे त्यांनी वहीत 'बसले' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

या नव्या सॉफ्टवेअरवर पहिलं मोठं काम आलं ते काडीचं. काडी म्हणजे शेवटच्या वर्षाची एक संशोधक मुलगी, अंगाने इतकी किरकोळ की हे नाव तिला कुणी ठेवलं हे विचारायचीही गरज नव्हती. बाईंना ती मावशी म्हणायची. तिचं काम होतं एका अभिक्रियेवर. एक रेणू, नऊ कार्बन, एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन, एक गंधक आणि अकरा हायड्रोजनांचा, तापवला की आतल्या आत अणूंच्या जागा बदलून दुसराच रेणू होतो. बाहेरून काही येत नाही, आतलं काही जात नाही. अशा छोट्यामोठ्या चाळीस रेणूंचा तिला हिशोब लावायचा होता, की सुरुवातीच्या रेणूपेक्षा शेवटच्याची ऊर्जा किती खाली येते. खाली आली तर अभिक्रिया उताराची, आपसूक होणारी. वर गेली तर चढाची.

सुरुवातीच्या चाळीस रेणूंचे आकडे मोठ्या सरांनी तीन वर्षांपूर्वीच जुन्या सॉफ्टवेअरवर काढून छापले होते. काडी म्हणाली, सगळंच नव्यावर एकदा काढते. सर म्हणाले, "छापून आलेले आकडे पुन्हा काढायचे नसतात. बेसिस सेट तोच ठेव, शेवटचे रेणू नव्यावर काढ आणि वजा कर." छापलेला आकडा म्हणजे सरांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. बाईंनी 'कुणाच्या सांगण्यावरून' या रकान्यात लिहिलं, 'मोठे सर, तोंडी. सुरुवातीचे आकडे जुनेच घेणे.' काडीने सही केली.

आणि महिन्याभराने सगळंच उलटं आलं. चाळीसच्या चाळीस अभिक्रिया चढाच्या. पलीकडच्या प्रयोगशाळेत तोच रेणू काचेच्या चंबूत तापवला की तासाभरात मुकाट्याने बदलत होता, आणि काडीचा कागद म्हणत होता की हे होणं शक्य नाही.

पुढच्या शुक्रवारी प्रकल्प तपासायला बाहेरची समिती येणार होती. सोमवारी सकाळी मोठ्या सरांनी बाईंना वर बोलावलं. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'नवीन सॉफ्टवेअर बसवताना माझ्याकडून त्रुटी राहिली. त्यामुळे निष्कर्ष चुकले. मी दिलगीर आहे.' खाली बाईंचं नाव आणि सहीसाठी रेघ.

"कोणती त्रुटी, सर?" बाईंनी विचारलं.

"ते तज्ज्ञ बघतील."

"मग त्रुटी आहे हे कुणी पाहिलं?"

सरांनी चष्मा काढला. "बाई, चंबूत अभिक्रिया होते. म्हणजे आकडे चूक आहेत. जुनं सॉफ्टवेअर वीस वर्षं चाललं. नवीन काय आहे? तुम्ही बसवलेलं. आणखी काय सांगायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, यात तुमचं काही जात नाही. या महिन्यात तुमचं पत्र निघायचंय. शुक्रवारपर्यंत हे फायलीत आलं, की तेही निघेल."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बाईंच्या अगदी ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली आणि कागद घेऊन खाली आल्या. राग होता, पण भीतीही होती, आणि भीती वाटतेय याचाच जास्त राग येत होता. बावन्नाव्या वर्षी, पदवी नाही, कायम नोकरी नाही. ही खोली सुटली तर दुसरी कोण देणार?

घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं शिवणयंत्र, कापडांचे ढीग, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी बेत, कापड बेतायचे नमुने. नवरा शिंपी. आतल्या खोलीत सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. बाईंनी कागद वाचून दाखवला.

"करून टाक सही," नवरा मान वर न करता म्हणाला. "कोण विचारतंय पुढे? कामाशी काम."

आतून आवाज आला, "अजिबात करू नकोस गं सूनबाई. न केलेल्या पापाचं प्रायश्चित्त घेतलंस, तर उद्या गावभरची पापं तुझ्या दारात आणून टाकतील."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुला तरी काय कळतंय?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकोने चूक केली असती ना, तर ती कागद यायच्या आधीच सांगून मोकळी झाली असती. एवढं मला कळतं."

बाई हसल्या, पण जेवण गेलं नाही. दोघांची भांडणं ऐकत त्या नुसत्याच बसल्या. नवरा एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याशी झगडत होता. बाह्या खांद्याला बसत नव्हत्या, एक चुणी राहतच होती. तो वैतागून म्हणाला, "बघ ना, अंग माझ्या बेतावर कापलं आणि बाह्या हाताखालच्या पोराने दिलेल्या छापील बेतावर. दोन्हीकडे अडतीस लिहिलंय. माझं अडतीस वेगळं, त्याचं वेगळं."

"मग चूक कुणाची?" बाईंनी विचारलं.

"बेताची नाही. दोन्ही बेत बरोबर आहेत. चूक माझी, मी न मोजता जोडले."

दुसऱ्या दिवशी कामावर पोचल्याबरोबर चप्पलही न काढता त्यांनी वही उघडली. काडीच्या त्या पहिल्या रेणूची पानं काढली. सुरुवातीचा रेणू, जुनं सॉफ्टवेअर, तीन वर्षांपूर्वीची नोंद. शेवटचा रेणू, नवं सॉफ्टवेअर. बेसिस सेटचं नाव दोन्हीकडे तेच, अक्षराला अक्षर. शेवटच्या रकान्यात एकीकडे होते २२१. दुसरीकडे २०८.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. अणू तेच. बाहेरून काही आलं नाही, आतलं काही गेलं नाही. मग फंक्शनं कमी कशी होतील? आणि हे आकडे दुसऱ्या कुणी नव्हे, त्यांनी स्वतः, स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. महिनाभर ते वहीत होते. लिहिणारीनेच पाहिले नव्हते.

फरक तेराचा. बाईंनी कागदावर अणू लिहिले. नऊ, एक, दोन, एक. हायड्रोजन सोडले तर तेरा. म्हणजे हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूमागे बरोब्बर एक फंक्शन कमी. इथेच कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी नव्या सॉफ्टवेअरची जाडजूड माहितीपुस्तिका काढली आणि दुपारपर्यंत वाचली. गोष्ट सापडली ती एका तळटीपेत. यादीत 'डी' नावाच्या जातीचे काही आकार असतात, पाकळ्यांचे, हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूला एक संच. ते मोजायच्या दोन रीती. एका रीतीत ते पाच धरतात. दुसरीत, लिहायला सोपं म्हणून, सहा लिहितात. पण ते सहा नीट वेगळे करून पाहिले तर पाच पाकळ्यांचे निघतात आणि सहावा निघतो नुसता गोल, डी जातीचा नसलेलाच. तो फुकटचा आकार मिळाला की उत्तर जरा खाली उतरतं. जुनं सॉफ्टवेअर या यादीसाठी न सांगता सहा धरायचं. नवं न सांगता पाच. दोघांपैकी चूक कुणीच नव्हतं. सुरुवातीचा रेणू सहाने मोजला होता, शेवटचा पाचाने, आणि एकातून दुसरा वजा केला होता. शेवटचा रेणू वर दिसणार नाही तर काय होणार?

बाईंनी काडीला खाली बोलावलं. "बस. आणि मध्ये बोलू नकोस."

त्यांनी तिच्यादेखत नव्या सॉफ्टवेअरला एक ओळ लिहून सांगितलं, की सहा धर. मग सुरुवातीचाच रेणू लावला. दीड तास लागला. तेवढ्यात दोघींचे चहा झाले, काडीची नखं कुरतडून झाली. आकडा आला. फंक्शनं २२१. आणि ऊर्जा, तीन वर्षांपूर्वी जुन्या सॉफ्टवेअरने दिली होती तीच, पाचव्या दशांशापर्यंत.

"मावशी," काडी म्हणाली, "म्हणजे बसवलंय ते बरोबर आहे."

"ते मला ठाऊकच होतं. आता तुला ठाऊक झालं. पुढचं लाव."

संध्याकाळ व्हायच्या आत दोन्ही रेणूंचे दोन्ही रीतींनी, असे चारही आकडे वहीत आले. दोन्ही रेणू सहाने मोजले तर अभिक्रिया पाच किलोकॅलरीने उताराची. दोन्ही पाचाने मोजले तरी उतार तेवढाच, फरक काय तो दशांशातला. फक्त सरमिसळ केली की चार किलोकॅलरीचा चढ. काडीने टेबलावर डोकं टेकलं आणि हसत सुटली, मग रडली, मग पुन्हा हसली.

बुधवारी दोघी वर गेल्या. मोठे सर काही मूर्ख नव्हते. चार आकडे पाहून त्यांना दोन मिनिटांत सगळं कळलं. कळल्याचं त्यांच्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्यांवर दिसलं. त्यांनी बाईंचा तो टाइप केलेला कागद मागून घेतला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

"छान काम केलंत बाई. तुमचा काही दोष नाही. तुमचं पत्र उद्या निघेल."

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो पुरता उतरतोय न उतरतोय तोच सर काडीकडे वळले. "संशोधकाने बेसिस सेटची खात्री न करता आकडे मिसळले, असं तू लिहून दे. एवढं बघणं तुझं काम होतं. सहा महिने मुदत वाढेल फार तर. शिष्यवृत्तीचं बघू पुढे."

काडीचा चेहरा पांढरा पडला.

बाई दारापर्यंत गेल्या होत्या. आता इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचा पाय एकदा उंबऱ्याबाहेर पडला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच सरांनी 'छान' म्हटलं होतं. पत्र उद्या निघणार होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण संन्यासी निदान आपण नव्हतो. हा विचार बाईंच्या मनात आला, आणि आला याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्या गर्रकन वळल्या.

"सर, मिसळायला तिने नव्हतं म्हटलं. मिसळा असं तुम्ही सांगितलंत."

"मी असं कधी..."

"माझ्या वहीत आहे. तारखेसकट. आणा म्हणाल तर आणते."

"बाई, तुम्ही यात पडू नका. तुमचं प्रकरण मिटलंय."

"माझं मिटलं म्हणून तिचं काढलंत. मग मिटलं कुठे?" पंखे नव्हते तरी आवाज चढला होता. बाहेर टंकलेखकाची बोटं थांबली. "काल माझ्या माथी, आज हिच्या माथी. उद्या शिपायाला लिहून द्यायला सांगाल. मला पत्र नको असं मी म्हणत नाही, सर. पत्र मला हवंय. पण या पोरीच्या बदल्यात नको."

सर उठून उभे राहिले. "तुम्ही कुणाशी बोलताय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय म्हणून तर पाय लटपटताहेत," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. "पण काडी सही करणार नाही. चल गं."

जिन्यात काडी कुजबुजली, "मावशी, तुमचं पत्र..." बाई म्हणाल्या, "गप. आधी वही जाग्यावर आहे का बघू."

शुक्रवारी समिती आली. तिघं जण, त्यांत अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई, ज्यांनी आल्या आल्या चहा नको म्हणून सांगितलं आणि आकडे मागितले. मोठ्या सरांनी गोल गोल सुरुवात केली. संगणकीय विसंगती, समन्वयाचा अभाव, उपाययोजना सुरू आहे. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण बोट मात्र तळमजल्याकडे होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तळमजल्यावर कोण बसतं? बोलवा त्यांना."

बाई जाकिटातच वर आल्या. वही काखेत. अध्यक्षबाईंनी बसायला सांगितलं तरी बाई बसल्या नाहीत. त्यांनी २२१ दाखवले, २०८ दाखवले, चार गणितं दाखवली. अध्यक्षबाईंनी एकच प्रश्न विचारला, "हे मिसळलं कसं गेलं?"

काडी भिंतीशी उभी होती. सर खिडकीबाहेर पाहत होते.

"यात तिघांचा हात आहे," बाई म्हणाल्या. "दोन्ही आकडे मी माझ्या हाताने लिहिले आणि एकाखाली एक ठेवून पाहिले नाहीत. एवढी चूक माझी, ती मी सहीनिशी लिहून आणलीय. या मुलीने सगळं नव्याने काढते म्हटलं होतं, ते ऐकलं गेलं नाही म्हटल्यावर तिने पुन्हा विचारलं नाही. एवढी तिची, तिनेही लिहिलीय. तिसरी नोंद या पानावर आहे. ती मी वाचणार नाही. ज्यांची आहे त्यांनी वाचावी."

त्यांनी वही सरांसमोर ठेवली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "वाचा की." सरांनी वाचलं. 'मोठे सर, तोंडी. सुरुवातीचे आकडे जुनेच घेणे.' समितीने चाळीसही अभिक्रिया एकाच रीतीने पुन्हा मोजायला मुदत दिली, छापलेल्या लेखाला टीप जोडायला सांगितलं, आणि काडीची शिष्यवृत्ती चालू ठेवली. बाईंच्या पत्राबद्दल समितीने काहीच सांगितलं नाही. ते समितीचं कामच नव्हतं.

पत्र निघालं नाही. महिना संपला. बाईंचं कंत्राट संपलं. पहिल्या तारखेला बाई नेहमीच्या वेळेला आल्या, कुलूप उघडलं, जाकीट घातलं आणि बसल्या.

अकरा वाजता कार्यालयातले भाऊसाहेब आले. "मॅडम, तुमची मुदत संपली. किल्ली द्या."

"लेखी आहे?"

भाऊसाहेबांनी कागद काढला. 'आपली सेवा पुढे चालू ठेवता येत नाही. कारण:' आणि पुढे कोरं.

"कारण लिहा," बाई म्हणाल्या. "मग किल्ली."

"कारण... ते सर सांगतील."

"मग सरांना लिहायला सांगा. काम वाईट असेल तर तसं लिहा. कामच उरलं नसेल तर तसं लिहा. वर चाळीस गणितं रांगेत उभी आहेत, ती पण लिहा."

भाऊसाहेब गेले. दुसऱ्या दिवशी आले, कारणाची जागा कोरीच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, मी लहान माणूस आहे." बाई म्हणाल्या, "मी पण. म्हणूनच कागद पुरा हवा." घरी नवरा म्हणाला, "अगं, बिनपगारी किती दिवस जाणारेस?" सासूबाई आतून ओरडल्या, "त्यांच्या हाताला लकवा भरेपर्यंत!" नवरा हसला, आणि सकाळी स्वतःच डबा भरून त्याने बाईंच्या हातात दिला. खरं कारण कुणाला लिहिता येत नव्हतं, आणि खोटं लिहिलं तर बाई ते समितीला पाठवणार हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. वरचे संशोधक जिना उतरून यायचे, वहीत सही करायचे, गणित लावून जायचे. मुदत संपलेल्या बाई मुदतीत असल्यासारख्या काम करत होत्या.

बाराव्या दिवशी दुपारी दार उघडलं आणि मोठे सर आत आले. इतक्या वर्षांत ते या खोलीत कधी आले नव्हते. गारठ्याने त्यांनी हात चोळले. हातात कागदांची चळत होती.

"बाई," ते पंख्यांवर आवाज चढवत म्हणाले, "या सगळ्या रेणूंचं... आपण काय धरायचं? पाच की सहा? तुमचं काय मत आहे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मत देते, सर. आधी माझं पत्र."

"ते होईल हो. आधी हे..."

"नाही सर. आधी पत्र."

सरांनी चळतीच्या तळाचा कागद ओढून काढला. टाइप केलेलं पत्र त्यांनी सोबत आणलेलं होतं, फक्त सही राहिली होती. त्यांनी मांडणीच्या लोखंडावर कागद टेकवून सही केली आणि पुढे धरला.

बाईंनी चष्मा लावला. पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मुदत वर्षाची आहे ना ते पाहिलं. तारीख आजची होती. "मागचे अकरा दिवस धरून लिहा, सर," त्या म्हणाल्या. सरांनी खोडून पहिली तारीख घातली आणि शेजारी छोटी सही केली. मग बाईंनी पत्र घडी करून जाकिटाच्या खिशात घातलं, आणि समोरची खुर्ची सरांसाठी सरकवली.